चर्चमधलं 'चॅन्सेल' म्हणजे नक्की काय? कॅन्सल आणि चॅन्सेलर हे त्याचेच भाऊबंद का?

भटकंती_मुंबई

नमस्कार मंडळी. दक्षिण मुंबईतल्या जुन्या चर्चेसवर मराठीतून हेरिटेज वॉक करायचा विचार चाललाय, त्याची तयारी करतोय. कुलाब्याच्या अफगाण चर्चवर (खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, पहिल्या अफगाण युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीत बांधलेलं, १८५८ साली खुलं झालं) जे काही हाती लागतं त्यात नेव्ह, आइल, चॅन्सेल, रेरेडॉस असे शब्द धडाधड येतात आणि लिहिणारा धरूनच चालतो की वाचणाऱ्याला सगळं माहितीये. नेव्ह म्हणजे लोक बसतात तो लांबलचक भाग, एवढं समजलं. चॅन्सेलवर मात्र गाडी अडलीये. एक डिक्शनरी म्हणते वेदीभोवतीची जागा, दुसरी म्हणते गायकांची जागा, तिसरी म्हणते चर्चचा पूर्वेकडचा भाग. मग नक्की कुठून कुठपर्यंत?

आणि दुसरं म्हणजे हा शब्द युनिव्हर्सिटीच्या चॅन्सेलरसारखा का दिसतो? एका मित्राने ठोकून दिलं की तिकीट कॅन्सल करतो ते कॅन्सलपण त्यातलंच आहे. मला ते जरा ओढूनताणून वाटलं. लॅटिन जाणणारं कोणी असेल तर प्लीज नीट सांगा, वॉकमध्ये लोकांना चुकीचं काही सांगायचं नाहीये.

जुनी_लिपी

मित्र बरोबर सांगतोय, अजिबात ओढूनताणून नाही. तिन्ही शब्द एकाच घरातले आहेत आणि माझ्या मते चर्चच्या सगळ्या शब्दांमध्ये सगळ्यात भारी गोष्ट याच शब्दाची आहे, त्यामुळे उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

मूळ लॅटिन शब्द 'कांकेल्ली'. हा अनेकवचनी शब्द आहे, अर्थ जाळी, गजांचा कठडा, आडव्यातिडव्या पट्ट्यांचं कुंपण. म्हणजे चॅन्सेल हे मुळात जागेचं नाव नाहीच, ते त्या जागेपुढच्या कुंपणाचं नाव. लोक उभे राहायचे तो भाग आणि वेदीचा भाग यांच्यामध्ये जाळी असायची, ती कांकेल्ली. मग 'जाळीच्या आत', 'जाळीपलीकडे' असं म्हणता म्हणता जाळीचंच नाव आतल्या जागेला चिकटलं. पुढे बऱ्याच ठिकाणी जाळी गेली तरी नाव राहिलं, म्हणूनच डिक्शनऱ्या जागा वर्णन करताना अशा चाचपडतात.

आता ही जाळी चर्चमध्ये आली कुठून? रोममध्ये बॅसिलिका ही मुळात धार्मिक इमारत नव्हती. फोरममधली (रोमचा जुना मुख्य चौक) बॅसिलिका जूलिया घ्या, मोठा खांबांचा हॉल, तिथे कोर्टाचं कामकाज चालायचं, व्यवहार व्हायचे. न्यायाधीश बसायचा त्या जागेपुढे गजांचा कठडा, गर्दी बाहेर. त्या कठड्यापाशी उभा राहून लोकांना आत सोडणारा, कागद आतबाहेर करणारा जो माणूस तो 'कांकेल्लारियुस', जाळीवाला म्हणा हवं तर. हुद्दा अगदी साधा, पण सगळे अर्ज आणि सगळे कागद त्याच्या हातून जायचे, त्यामुळे हळूहळू वजन वाढत गेलं. मग तो कारकून झाला, मग सचिव, आणि अकराव्या शतकात इंग्लंडमध्ये एडवर्ड द कन्फेसरच्या दरबारापर्यंत पोचेस्तोवर राजाचा मुख्य लेखनिक अधिकारी. तिथून लॉर्ड चॅन्सेलर, जर्मनीचा चान्सलर, आणि आपल्या विद्यापीठांचे कुलपती. आपल्याकडे राज्यपाल कुलपती म्हणून पदवीदान समारंभाला येतात ना, त्यांच्या इंग्रजी हुद्द्याचा मूळ पुरुष म्हणजे रोमच्या कोर्टातला जाळीपाशी उभा असलेला हा माणूस.

चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिल्यावर (३१३ साल) मोठ्या जमावाला एकत्र प्रार्थना करता येईल अशा इमारती लागायला लागल्या. देवळाचा नमुना चालण्यासारखा नव्हता, कारण रोमन देवळात लोक आत जमायचेच नाहीत, बळी बाहेरच्या वेदीवर दिला जायचा. मग बॅसिलिकेचा हॉल उचलला आणि हॉलबरोबर कठडापण आला. साधारण ३१५ साली टायरला (आताच्या लेबनॉनमधलं सूर शहर) जे चर्च बांधलं त्याचं वर्णन युसेबियसने (चर्चचा इतिहास लिहिणारा त्या काळचा बिशप) करून ठेवलंय, त्यात तो म्हणतो की वेदीभोवती लाकडाची जाळी लावली, फार बारीक कोरीवकामाची, म्हणजे गर्दीला तिथे पाय ठेवता येऊ नये. त्याने लिहिलंय ग्रीकमध्ये, पण वस्तू तीच.

डोळ्यांनी बघायची असेल तर रोमचं सान क्लेमेंते चर्च. कलोसियमपासून चालत जाता येतं. आत गेल्यावर हॉलच्या मधोमध कमरेच्या आसपास उंचीचा पांढऱ्या संगमरवराच्या कठड्याचा चौकोनी घेर दिसतो, गायकांसाठीचा, आणि त्यामागे वेदीपुढे तसाच कठडा. संगमरवराच्या पाट्या आहेत, काही सपाट, त्यावर गोल हार कोरलेला आणि हाराच्या मध्ये अक्षरं एकमेकांत गुंफलेली. ती अक्षरं म्हणजे पोप जॉन दुसरा याचं नाव, कारकीर्द ५३३ ते ५३५. आणि काही पाट्या आरपार कोरलेल्या, माशाच्या खवल्यांसारखी नक्षी, पलीकडचं दिसतं. आत्ताचं चर्च बाराव्या शतकातलं आहे, पण या पाट्या खाली गाडल्या गेलेल्या जुन्या चर्चमधून वर आणून परत बसवल्यात. मी तिथे उभा होतो तेव्हा हात लावायचा मोह आवरला नाही, कडा इतक्या गुळगुळीत झाल्यात की काय सांगू. कांकेल्ली म्हणजे काय हे तिथे एका मिनिटात कळतं.

कॅन्सलचं उद्या लिहितो, आत्ता उशीर झालाय.

शंकेखोर

वाचतोय, मस्तच. पण एक शंका. लॅटिनमध्ये 'कांकेर' म्हणजे खेकडा ना? कॅन्सर, कर्क रास वगैरे. मग कांकेल्ली म्हणजे छोटे खेकडे असं तर नाही? खेकड्याचे पाय आडवेतिडवे, जाळीपण आडवीतिडवी. एका व्हॉट्सॅप फॉरवर्डमध्ये असं वाचल्यासारखं वाटतंय.

जुनी_लिपी

शंकेखोर, फॉरवर्ड सोडून द्या. लॅटिनमध्ये दोन वेगळे 'कांकेर' आहेत, दिसायला सारखे, मुळं वेगळी. खेकडावाला आपल्या 'कर्कट'चा आणि ग्रीक 'कार्किनोस'चा नातेवाईक, कर्करोग आणि कॅन्सर दोन्ही तिथलेच. जाळीवाला दुसरा. तो बहुतेक अभ्यासकांच्या मते 'कार्केर' या शब्दातला र बदलून झालाय. कार्केर म्हणजे तुरुंग, बंदिस्त जागा. रोमला रथांच्या शर्यती व्हायच्या तिथे सुरुवातीला घोडे ज्या फाटकांमागे उभे करायचे त्यांनाही कार्केरेस म्हणायचे. एकाच शब्दात दोन र आले की बोलताना त्यातला एक बदलतो, हे बऱ्याच भाषांत होतं. मग त्या जाळीवाल्या कांकेरचं लघुरूप कांकेल्ली, म्हणजे छोटे गज, बारीक जाळी.

आता कॅन्सल. जाळीवरून क्रियापद झालं 'कांकेल्लारे', जाळीसारखं करणं. कशाला? तर लिहिलेल्या मजकुरावर आडव्यातिडव्या रेघा मारून जाळी काढायची, म्हणजे तो मजकूर बाद. रोमन कायद्याचा जो डायजेस्ट नावाचा मोठा संग्रह आहे (५३३ साली जस्टिनियनने तयार करून घेतला) त्यात, माणसाने आपल्या मृत्युपत्रावर अशा रेघा मारल्या तर वारसाहक्काचं काय करायचं यावर चर्चा आहे. म्हणजे हा शब्द तेव्हाच कायद्याच्या भाषेत पक्का बसला होता. आपण होम लोनसाठी बँकेला कॅन्सल्ड चेक देतो, त्यावर रेघा मारतो ना, शब्दाचा मूळ अर्थ हाताने गिरवतो आपण.

उच्चारांचं पण सांगतो कारण वॉकमध्ये कोणीतरी विचारणारच की एका ठिकाणी च आणि एका ठिकाणी स कसा. जुन्या लॅटिनमध्ये सगळीकडे क. नंतर चर्चच्या लॅटिनमध्ये ए-ईच्या आधीच्या कचा च झाला, म्हणून रोममध्ये तो शब्द 'कान्चेल्ली' ऐकू येईल. तिकडे उत्तर फ्रान्समध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या काचा आधी चा झाला आणि मधल्या केचा से, म्हणून 'चॅन्सेल' आणि 'चॅन्सेलर', हे तिथून इंग्लंडात गेले. कॅन्सलचा क मात्र लॅटिनसारखाच टिकला.

जर्मनमध्ये अजून एक मजेशीर वळण आहे. तिथे 'कान्त्सेल' म्हणजे चॅन्सेल नाही, प्रवचनाचं उंच व्यासपीठ. कारण पाद्री प्रवचन द्यायला त्या जाळीपाशी यायचा. आणि इटालियनमध्ये 'कान्चेल्लो' म्हणजे अजूनही साधं फाटक, बंगल्याचं असतं तसं. पोर्तुगीजमध्ये 'कांसेला' पण फाटकच. शब्द एक, पण कुणी जागा घेतली, कुणी व्यासपीठ घेतलं, कुणी फाटकावरच थांबलं.

हाडवैद्य_नाही_फिजिओ

छोटीशी भर. हाडाच्या आतला जो जाळीदार भाग असतो त्याला आम्ही कॅन्सेलस बोन म्हणतो. बाहेरचं घट्ट हाड वेगळं, आतलं जाळीचं वेगळं, मणक्यात आणि लांब हाडांच्या टोकांना हे जास्त असतं. कॉलेजात घोकून पाठ केलेला शब्द, तो चर्चच्या कठड्याचा भाऊ निघेल असं कधी वाटलं नव्हतं. धागा वाचनखूण केलाय.

वसईचा_वाडवळ

नमस्कार, मी वसईचा, कॅथलिक. जुनी_लिपी दादांनी शब्दाचं सांगितलंच आहे, मी वापराचं सांगतो कारण भटकंती यांचा गोंधळ थोडा पंथांमुळे पण होतोय.

आम्ही कॅथलिक लोक शक्यतो चॅन्सेल म्हणतच नाही. इंग्रजीत सँक्चुअरी म्हणतो, चर्चच्या अधिकृत लॅटिन कागदपत्रांत 'प्रेस्बितेरियुम' असतं, आणि मराठीत बोलताना आम्ही सरळ वेदी, अल्तार, 'वर वेदीवर' असंच म्हणतो. पोर्तुगीज वळणाच्या चर्चेसमध्ये, गोव्यातली मोठी चर्चेस घ्या, या भागाला 'कापेला-मोर' म्हणतात, म्हणजे मुख्य कपेल. चॅन्सेल हा शब्द जास्त करून अँग्लिकन लोकांचा, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाचा. त्यामुळे अफगाण चर्च किंवा फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल दाखवताना चॅन्सेल बरोबर, पण हाच वॉक उद्या माहीमला किंवा वसईला नेला तर तिथल्या लोकांना शब्द परका वाटेल.

आता कठड्याचं. ट्रेंटची धर्मसभा (कॅथलिक चर्चची मोठी सभा) १५६३ ला संपली, त्यानंतर कॅथलिक चर्चेसमधल्या उंच जाळ्या आणि पडदे हळूहळू काढून टाकले गेले, लोकांना वेदी दिसली पाहिजे म्हणून. रोमचं जेसू चर्च (१५६८ ला काम सुरू) याचा नमुना झालं, एकच रुंद मोकळा हॉल, मध्ये काही आड नाही, आणि जेझुइट लोकांना (ते चर्च बांधणारा कॅथलिक पाद्र्यांचा संघ) एकत्र बसून तासातासाच्या प्रार्थना गाण्याचा नियम नसल्यामुळे गायकांसाठी खोल जागापण लागत नव्हती. जुन्या गोव्यातलं बॉम जेझू (१५९४ ते १६०५) त्याच विचाराचं, आत शिरल्याबरोबर नजर थेट सोनेरी वेदीवर जाते. पण खालचा बुटका कठडा राहिला. तिथे गुडघे टेकायचे आणि कम्युनियन घ्यायचं. माझी आजी सांगायची, कठड्यावर पांढरं लांब फडकं टाकलेलं असायचं, रांगेत गुडघे टेकले की सगळ्यांनी ते हनुवटीखाली धरायचं, म्हणजे पवित्र भाकरीचा कण खाली पडू नये. फादर आतल्या बाजूने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे. कठडा ओलांडून कोणी आत जायचं नाही, फुलं वाहायला जायचं तरी ठराविक माणसंच.

दुसऱ्या व्हॅटिकन सभेनंतर (१९६२ ते ६५) मिस्सा (वेदीवरची मुख्य उपासना) लॅटिनऐवजी मराठीत सुरू झाली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले आणि बऱ्याच ठिकाणी कठडे काढले. आमच्याही चर्चमध्ये काढला. मला मराठी मिस्सा मनापासून आवडते, मी तीच ऐकत मोठा झालो, पण तो सागवानी कठडा नूतनीकरणात कुठे गेला कोणालाच सांगता येत नाही याचं वाईट वाटतं. निदान फोटो काढून ठेवायला हवा होता. तुमच्या कोणाच्या गावच्या चर्चमध्ये अजून असेल तर फोटो काढून ठेवाच.

गाभारा_आणि_मंडप

मग मराठीत सरळ 'गाभारा' म्हणावं की! नेव्ह म्हणजे सभामंडप आणि चॅन्सेल म्हणजे गाभारा. वॉकला आलेल्या लोकांना पटकन कळेल.

जुनी_लिपी

पटकन कळेल हे खरं, पण थोडं चुकीचंही कळेल. गाभारा ही वेगळी बंद खोली असते, काळोखी, छोटं दार, तिथे देव राहतो. चॅन्सेल त्याच छपराखालचा उघडा भाग आहे, उजेडाचा, मोठ्या खिडकीचा, आणि त्यात दोन जागा येतात, अलीकडे गायकांची बाकं आणि पलीकडे वेदी. भटकंती, तुमच्या तीन डिक्शनऱ्यांचं उत्तर यातच आहे, तिन्ही अर्धं अर्धं बरोबर बोलतायत. मोठ्या कमानीपासून (तिला चॅन्सेल आर्च म्हणतात) थेट शेवटच्या भिंतीपर्यंत सगळं चॅन्सेल, त्यात क्वायर (गायकांची जागा) आणि सँक्चुअरी (वेदीची जागा) दोन्ही आले. पूर्वेचं म्हणाल तर वेदी पूर्वेला असण्याची प्रथा होती, म्हणून तो अर्थ.

अडवणूक करणाऱ्या पडद्याचं उदाहरण हवंच असेल तर आपल्याकडे केरळच्या सिरियन चर्चेसमध्ये आहे, तिथे वेदीच्या भागाला 'मदबहा' म्हणतात, तो सिरियाक शब्द, आणि त्यापुढे खरोखरचा पडदा असतो जो उपासनेत ठराविक वेळी उघडतात आणि लावतात.

मिडलँड्सचा_मराठी

इथे इंग्लंडमधून लिहितोय आणि हा शब्द पाहून दचकलोच, कारण मला तो चर्चमध्ये नाही तर घर घेताना भेटला.

घर घेताना सॉलिसिटरने पाण्याची लाईन, खाणी, पूर वगैरेचे जे रिपोर्ट मागवले त्यात एक ओळ होती, चॅन्सेल सर्च. मला वाटलं चुकून दुसऱ्याची फाईल आली. मग त्याने समजावलं. इंग्लंडात मध्ययुगापासून नियम असा की चर्चचा नेव्ह दुरुस्त करायचा गावाने आणि चॅन्सेल दुरुस्त करायचं रेक्टरने (गावच्या चर्चचा मुख्य पाद्री), कारण रेक्टरला चर्चच्या जमिनीचं उत्पन्न आणि गावाच्या पिकाचा दशांश मिळायचा. जाळीच्या अलीकडचं छप्पर लोकांचं, पलीकडचं त्याचं. पुढे बऱ्याच ठिकाणी हे रेक्टरपण मठांकडे गेलं. मग आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४१ च्या दरम्यान मठ बरखास्त केले, जमिनी विकल्या, आणि ज्यांनी घेतल्या त्यांच्या गळ्यात जमिनीबरोबर चॅन्सेलची दुरुस्तीपण पडली. जमीन विकली, तुकडे झाले, तरी जबाबदारी तिच्याबरोबर पुढे पुढे जात राहिली. १९३२ साली त्याच्यासाठी वेगळा कायदा केला, चॅन्सेल रिपेअर्स अ‍ॅक्ट, म्हणजे चर्चला वसुली करता यावी म्हणून.

लोक हे विसरलेच होते, पण वॉरिकशायरमधल्या अ‍ॅस्टन कँटलो नावाच्या गावात एका शेतजमिनीच्या मालकांना चर्च कौन्सिलने सुमारे ९५ हजार पौंडांची मागणी केली. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च कोर्ट) गेलं आणि २००३ साली निकाल मालकांच्या विरोधात लागला. त्यानंतर सगळे वकील खडबडून जागे झाले. मग सरकारने चर्चना मुदत दिली की ऑक्टोबर २०१३ च्या आत तुमचा हक्क जमिनीच्या नोंदणीत चढवा, नाहीतर त्यानंतर पैसे मोजून जमीन घेणाऱ्या नव्या मालकावर तो सहसा चालणार नाही. तरी अजून सॉलिसिटर हा सर्च करतात, काही वेळा छोटा विमापण काढायला लावतात. आमच्या मराठी मंडळात कोणी नवं घर घेतलं की हा विषय निघतोच.

मला विशेष हे वाटतं की चर्चच्या आतली ती एक रेघ, जाळी असो नसो, कायद्याने शतकानुशतकं धरून ठेवलीये. अलीकडचं कोण भरणार, पलीकडचं कोण भरणार. जुन्या इंग्लिश खेड्यात चर्च बाहेरून नीट बघितलं तर नेव्हचं आणि चॅन्सेलचं छप्पर वेगवेगळ्या उंचीचं असतं, बांधकामाचा काळ पण वेगळा असतो, खिडक्यांची घडण वेगळी. दोन वेगळ्या खिशांतून पैसा आला हे त्यामागचं एक मोठं कारण.

भटकंती_मुंबई

बाप रे, केवढं काय काय निघालं एका शब्दातून! सगळ्यांचे मनापासून आभार. मिडलँड्स दादा, हे दुरुस्तीचं आपल्याकडे पण लागू होतं का? म्हणजे कुलाब्यात कोणाच्या फ्लॅटवर अफगाण चर्चचा बोजा वगैरे?

आणि जुनी_लिपी, अजून एक विचारतो. कार्ल्याच्या लेण्यांबद्दल वाचताना पण नेव्ह, आइल, अ‍ॅप्स हेच शब्द येतात. मग तिथे चॅन्सेल कुठलं म्हणायचं?

मिडलँड्सचा_मराठी

नाही नाही, फ्लॅटवाल्यांनी निश्चिंत असावं. भारतात ती रेक्टर आणि दशांशाची व्यवस्था नव्हतीच. कंपनी सरकार आणि नंतर ब्रिटिश सरकार चॅप्लेनचे (सरकारी पाद्र्यांचे) पगार आपल्या तिजोरीतून द्यायचं, त्यासाठी एक्लेझिअ‍ॅस्टिकल डिपार्टमेंट नावाचं खातंच होतं. चॅन्सेलचं नाव आलं, त्याची जबाबदारी काही आली नाही.

जुनी_लिपी

कार्ल्याला चॅन्सेल नाही. इतकं सरळ उत्तर फार कमी वेळा देता येतं. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसनसारख्या लोकांनी आपल्या लेण्यांवर लिहायला घेतलं तेव्हा त्यांच्याकडे शब्द होते ते चर्चचे. फर्ग्युसनने तर कार्ल्याच्या चैत्यगृहाची मांडणी आणि मापं इंग्लंडच्या नॉरिच कॅथेड्रलच्या क्वायरशी जुळतात असं लिहून ठेवलंय. मधला लांब भाग नेव्ह, खांबांमागची अरुंद वाट आइल, शेवटची अर्धगोल बाजू अ‍ॅप्स, असं त्याने जसंच्या तसं चिकटवलं आणि ते आजपर्यंत चाललंय. आकारापुरतं ठीक आहे. पण कार्ल्याला दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा खांब आणि स्तूपामागे सात, सगळी एकच सलग ओळ, कुठेही अडवणूक नाही, कारण स्तूपाला प्रदक्षिणा घालायची असते. माणूस एका बाजूने आत जातो, मागून फिरून दुसऱ्या बाजूने येतो. इकडचे तिकडचे असा भेदच त्या जागेत नाही, मग कांकेल्ली लावणार कुठे आणि कशाला. शिवाय हे चैत्यगृह पहिल्या ख्रिस्ती बॅसिलिकांच्या किमान दोनशे वर्षं आधीचं, तेव्हा कोणी कोणाचं उचललं हा प्रश्नही येत नाही.

नेव्हचं विचारलं नव्हतं तुम्ही पण सांगून टाकतो, तो लॅटिन 'नाविस'वरून, म्हणजे जहाज, आणि तो संस्कृत 'नौ'चा आणि आपल्या 'नाव'चा सख्खा नातलग. आणि वेदीपुढे आडवा जाणारा जो भाग असतो, ज्याने चर्चचा नकाशा क्रॉससारखा दिसतो, तो ट्रान्सेप्ट, त्यातही कुंपण आहेच बरं का. 'त्रान्स' म्हणजे पलीकडे किंवा आडवं, 'साएप्तुम' म्हणजे कुंपण. नाकातलं सेप्टम तेच. पण हा शब्द रोमनांचा नाही, सोळाव्या शतकात विद्वानांनी लॅटिन तुकडे जोडून केलाय. अ‍ॅप्स लॅटिनमध्ये असला तरी मुळात ग्रीक, चाकाच्या कडेचा बाक किंवा कमान.

शंकेखोर

अजून एकच. जर ट्रेंटनंतर जाळ्या काढल्या आणि प्रोटेस्टंटांनी पण इंग्लंडात बरंच तोडफोड करून काढलं, तर १८५८ च्या अफगाण चर्चमध्ये चॅन्सेलपुढे जाळीची स्क्रीन आहे ती कशी काय? उलट ती जुनी झालेली फॅशन नाही का?

जुनी_लिपी

फार चांगला प्रश्न. फॅशन परत आली होती म्हणून. १८३९ साली केंब्रिजमध्ये काही तरुण मंडळींनी केंब्रिज कॅम्डेन सोसायटी काढली, नंतर तिचं नाव एक्लेझिऑलॉजिकल सोसायटी झालं. त्यांचं ठाम मत की खरं चर्च म्हणजे मध्ययुगीन गॉथिक (टोकदार कमानींची शैली), आणि त्यात खोल, वेगळं ओळखू येणारं चॅन्सेल पाहिजेच पाहिजे, नाहीतर ते चर्च नाही, नुसता प्रवचनाचा हॉल. इंग्लंडभर त्यांनी हा आग्रह धरला आणि वसाहतीतल्या चर्चेसवरही त्यांचा डोळा असायचा. अफगाण चर्चचा आराखडा हेन्री कॉनिबेअरचा, आणि आतली स्क्रीन, बाकं, फरशा विल्यम बटरफिल्डच्या डिझाईनच्या. बटरफिल्ड हा त्या सोसायटीचा अगदी लाडका आर्किटेक्ट. त्यामुळे ती स्क्रीन म्हणजे मधल्या काळात मोडलेली प्रथा जाणूनबुजून परत उभी केलेली आहे.

फोर्टातल्या सेंट थॉमसची गोष्ट पण याच लाटेतली. ते चर्च १७१८ च्या नाताळात उघडलं, म्हणजे गॉथिकची हौस नसलेल्या काळातलं. १८३७ ला कॅथेड्रल झालं, आणि १८६० च्या दशकात चॅन्सेल वाढवायचं काम हाती घेतलं. त्याच सुमारास, १८६५ ला, कापसाचा आणि शेअरचा फुगा फुटला, मुंबईतल्या भल्याभल्यांचं दिवाळं निघालं, बेत आवरता घ्यावा लागला. दोन्ही चर्चेस एकाच दिवशी दाखवलीत तर फरक लोकांना सांगावा पण लागणार नाही.

भटकंती_मुंबई

तर मी वॉकसाठी असं लिहितोय, बघा बरं जमतंय का:

"आपण आत्ता नेव्हमध्ये उभे आहोत. इथल्या बाकांना रायफली टेकवायच्या खाचा आहेत त्या बघा, सैनिक हत्यारासकट प्रार्थनेला यायचे. आता समोर बघा. मोठी कमान, तिच्या रेषेत जाळीची स्क्रीन. कमानीपासून मागच्या भिंतीपर्यंतच्या भागाला चॅन्सेल म्हणतात, आधी गायकांच्या जागा, मग वेदी. लॅटिनमध्ये कांकेल्ली म्हणजे जाळीचा कठडा, रोमच्या कोर्टातून तो चर्चमध्ये आला आणि नंतर जाळीमागच्या जागेलाच ते नाव पडलं. जाळीपाशी उभा राहणारा तो चॅन्सेलर, आणि जाळीसारख्या रेघा मारून खोडणं ते कॅन्सल."

वसईचा_वाडवळ

छान झालंय. फक्त चॅन्सेलमध्ये लोकांना न्यायच्या आधी तिथल्या माणसांना विचारा, उपासना चालू नसली तरी. आणि कोणी कॅथलिक असेल ग्रुपमध्ये तर सांगा की तुम्ही ज्याला वेदीचा भाग म्हणता तोच हा, अँग्लिकन लोक चॅन्सेल म्हणतात.

जुनी_लिपी

जमलंय. एकच दुरुस्ती, 'जाळीपाशी उभा राहणारा तो चॅन्सेलर' याच्या आधी 'रोमच्या कोर्टात' हे परत एकदा घाला, नाहीतर लोकांना वाटेल चर्चच्या दाराशी चॅन्सेलर उभा असायचा. आणि ही माहिती सांगताना स्वतः स्क्रीनच्या नेव्हकडच्या बाजूला उभे राहा, पाठ वेदीकडे, म्हणजे ऐकणाऱ्यांना तुमच्या मागे जाळी, कमान आणि आतली बाकं एका नजरेत दिसतील.